गाडीचं वय आवाज करत नाही

"जुनी गाडी आहे, आवाज येणारच."

हे वाक्य तुम्ही कधीच ऐकलं नसेल, तर तुमच्या घरी एकतर नवी गाडी आहे किंवा गाडीच नाही. गॅरेजमधला मेकॅनिक हे म्हणतो, सोसायटीतले काका म्हणतात आणि सेकंडहँड गाडी विकणारा तर हसत हसत म्हणतो. चाकातून घरघर येतेय, ब्रेक दाबला की काहीतरी किंचाळतंय, वळताना टकटक होतंय, सगळ्याला उत्तर एकच. मग आपण काय करतो? गाण्याचा आवाज वाढवतो.

माझं म्हणणं सरळ आहे. हे वाक्य खोटं आहे आणि धोक्याचंही. वय आवाज करत नाही. झिजलेला, सैल झालेला, कोरडा पडलेला किंवा तुटलेला एखादा ठरावीक भाग आवाज करतो. त्या भागाला नाव असतं आणि गाडीत एक जागा असते. नीट सांभाळलेली अठरा वर्षांची गाडी शांत चालते, आणि साचलेल्या पाण्यातून दामटलेल्या दोन वर्षांच्या गाडीचं बेअरिंग घोंघावू लागतं. 'जुनी आहे' हे निदान नाही. निदान टाळण्याची ती सोय आहे.

आपल्याकडे ही सोय जास्त महाग का पडते, ते बघा. खासगी गाडीची नोंदणी एकदा झाली की ती १५ वर्षं चालते. पुढे फिटनेस तपासणी करून ५-५ वर्षांनी नूतनीकरण. म्हणजे पहिली १५ वर्षं तुमच्या गाडीचे ब्रेक लागतात का, हे विचारायला सरकार ठरावीक मुदतीने येत नाही. पीयूसी काढावी लागते, पण त्यात धूर मोजतात, ब्रेक नाही. इंग्लंडमध्ये गाडी ३ वर्षांची झाली की दरवर्षी ब्रेक, टायर, सस्पेन्शन तपासून घ्यावं लागतं. जर्मनीत पहिली तपासणी ३ वर्षांनी आणि मग दर २ वर्षांनी. आपल्याकडे टॅक्सी-ट्रकना फिटनेस दाखवावा लागतो, पण घरच्या गाडीचा १५ वर्षं एकच कायमचा तपासनीस असतो, तो म्हणजे चालवणाऱ्याचा कान. आणि त्या कानावर आपण ब्लूटूथ लावून ठेवलेलं असतं.

"पण हल्ली गाड्यांमध्ये सेन्सर असतात की!" असतात. इंजिनाचे असतात, एबीएसचे असतात. स्कॅनर लावला की कोड दिसतात. पण व्हील बेअरिंग घरघरतंय, लिंक रॉड खटखटतोय, याचा कोड आपल्या साध्या गाड्यांच्या स्क्रीनवर येत नाही. ब्रेकची गोष्ट तर आणखी मजेची आहे. अनेक गाड्यांच्या ब्रेक पॅडला पोलादाची एक छोटी पट्टी मुद्दाम बसवलेली असते. नवा पॅड साधारण १० ते १२ मिलिमीटर जाड असतो. तो झिजत झिजत २-३ मिलिमीटरवर आला की ही पट्टी डिस्कला घासते आणि कर्कश किंचाळते. हा बिघाडाचा आवाज नाही, कुणीतरी विचार करून ठेवलेला भोंगा आहे. इथे सेन्सर म्हणजे ती पट्टी आणि डिस्प्ले म्हणजे तुमचा कान.

तो भोंगा दुर्लक्षित केला की काही आठवड्यांत किंचाळणं थांबतं आणि खरखर सुरू होते. पॅडचं मटेरियल संपलेलं असतं आणि मागची लोखंडी पट्टी डिस्क खरवडत असते. पॅडच्या खर्चात आता डिस्कचा खर्च मिळतो आणि गाडी थांबायला जास्त अंतर घेते. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं म्हणतात. ब्रेकचं दुखणं मुंगीच्या पावलानं येतं आणि येताना हाका मारत येतं.

आणखी एक तक्रार आपल्याबद्दल. मराठीला आवाजाच्या शब्दांची काय कमी आहे? कुरकुर, करकर, खरखर, घरघर, गुरगुर, टकटक, खटखट, खडखड, किणकिण, घोंघों. इतकं सगळं हाताशी असताना गॅरेजमध्ये आपण सांगतो काय, तर "आवाज येतोय." डॉक्टरकडे जाऊन "दुखतंय" एवढंच सांगून गप्प बसण्यासारखं आहे हे. कुठे, कधी आणि कसा, हे सांगता आलं की अर्धं निदान तिथेच होतं. त्यासाठी मेकॅनिक असावं लागत नाही. गाणं बंद करून, काच खाली करून दहा मिनिटं चालवलं तरी पुरतं. कंपाउंडच्या भिंतीला समांतर हळू चालवा. भिंत आवाज परत पाठवते आणि तो कोणत्या बाजूचा आहे ते कळतं.

मग काही प्रश्न. आवाज इंजिनाबरोबर वाढतो की गाडीच्या वेगाबरोबर? मोकळ्या, सपाट रस्त्यावर क्लच दाबून क्षणभर इंजिन मंद होऊ द्या. घोंघावणं तसंच राहिलं तर ते चाकाकडचं आहे. रस्ता बदलला, डांबरावरून काँक्रीटवर गेलात आणि सूर बदलला, तर आधी टायरवर संशय घ्या. वेडावाकडा झिजलेला टायर हुबेहूब बेअरिंगसारखा घोंघावतो. रस्ता तोच, पण हळुवार डावीकडे वळताना घरघर वाढते आणि उजवीकडे वळताना कमी होते? डावीकडे वळताना गाडीचं वजन उजव्या चाकांवर जातं, म्हणून संशय उजव्या बेअरिंगवर.

स्टिअरिंग पूर्ण वळवून पार्किंगमधून निघताना टक-टक-टक? बहुधा पुढच्या एक्सलचा बाहेरचा सीव्ही जॉइंट. त्यावरचं रबरी बूट फाटलं की ग्रीस उडून जातं आणि धूळ आत शिरते. बूट वेळेवर बदललं तर थोडक्यात भागतं, नाहीतर जॉइंट जातो. फक्त खड्ड्यात आणि स्पीडब्रेकरवर खटखट? लिंक रॉड, बुश, सस्पेन्शन बघा. पंक्चर काढल्यावर किंवा टायर बदलल्यावर नव्याने खटखट सुरू झाली? घरापर्यंत जाऊ नका. जागीच थांबून नट तपासा. चाकाचे नट सैल असतील तर 'उद्या बघू' नसतं.

आता गॅरेजवाल्यांकडे येतो. चांगले मेकॅनिक आहेत, पुष्कळ आहेत. पण एक पद्धत फोफावली आहे: आधी पार्ट बदलायचा, मग आवाज गेला का बघायचं, नाही गेला तर पुढचा पार्ट. बिल प्रत्येक वेळी तुमचं. माझ्या तेरा वर्षांच्या गाडीला साठच्या पुढे गुणगुण येऊ लागली, तेव्हा एका मोठ्या वर्कशॉपने गाडी रस्त्यावर न काढताच चार नव्या टायरचं एस्टिमेट हातात ठेवलं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. नंतर दुसरा मेकॅनिक शेजारी बसून दोन किलोमीटर आला, डावी-उजवीकडे वळवून ऐकलं, मग गाडी जॅकवर घेतली. एक हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवलं. उजव्या बाजूला स्प्रिंगमधून खरखर हाताला जाणवत होती, डाव्या बाजूला नाही. एक बेअरिंग बदललं, गुणगुण गेली. टायर तेच राहिले. दोघांमधला फरक यंत्रांचा नव्हता. एकाने ऐकलं, दुसऱ्याने ऐकलं नाही.

म्हणून गॅरेजमध्ये एक हट्ट धरा: आधी माझ्याबरोबर ट्रायल घ्या, मग एस्टिमेट द्या. आणि बदललेला जुना पार्ट परत मागा. तो बघण्याचा तुम्हाला हक्क आहे, कारण पैसे तुमचे आहेत. पॅडचा आवाज जावा म्हणून नुसता कागद मारून देणाऱ्याला विचारा, की पॅड किती मिलिमीटर उरलाय. दोन पॅडपैकी एकच जास्त झिजला असेल तर कॅलिपरची पिन अडकलीय का, हेही विचारा. कारण तसाच नवा पॅड घातला तर तोही तसाच झिजेल. स्वस्त डुप्लिकेट पॅडला ती भोंग्याची पट्टी असेलच असंही नाही. मागच्या ड्रम ब्रेकला तर अशी सोय सहसा नसतेच. ड्रम उघडून लायनर डोळ्यांनी बघावे लागतात.

"एवढी कटकट कशाला, विकून टाक ना," हा दुसरा सल्ला. ज्याला परवडतं त्याने जरूर नवी घ्यावी. पण विकल्याने घरघर संपत नाही, ती दुसऱ्याच्या घरी जाते. हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांची पहिली गाडी सेकंडहँडच असणार आहे, म्हणजे तो 'दुसरा' तुम्हीच. गाडी बघायला जाल तेव्हा विकणारा म्युझिक सिस्टीम किती भारी आहे ते दाखवेल. ती बंद करायला सांगा. काचा खाली करा. खराब रस्त्यावर, मोकळ्या रस्त्यावर आणि पूर्ण वळणावर, तिन्हीकडे चालवा. तो "जुनी आहे, आवाज येणारच" म्हणाला, तर विचारा, "कशाचा?" उत्तर नसेल तर किंमत त्या हिशोबाने करा, किंवा उठून या.

माझ्याविरुद्ध एक आक्षेप रास्त आहे: प्रत्येक आवाजाला घाबरलं तर माणूस वेडा होईल. खरं आहे. पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर गंजाचा पातळ थर येतो आणि सकाळी पहिल्या चार-पाच ब्रेकना खरखर होते, मग जाते. कोकणात तर हे रोजचंच. डिस्क आणि मागच्या पत्र्याच्या मध्ये खडा अडकला, तर गाडी मोडतेय असा भयंकर आवाज येतो आणि खडा निघाला की सगळं शांत. असे आवाज निरुपद्रवी आहेत. पण ते निरुपद्रवी आहेत हे ऐकल्यावरच कळतं. न ऐकता सगळेच निरुपद्रवी ठरवणं वेगळं.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे: सगळे बिघाड आवाज करत नाहीत. ब्रेक ऑइल हवेतलं बाष्प शोषून घेतं. नवं डॉट ३ ऑइल २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळू नये असं मानक आहे, पण पाणी मुरलेल्या त्याच ऑइलसाठी ही मर्यादा १४० अंशांवर येते. आंबोली किंवा खंबाटकीसारख्या घाटात सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलात, तर ब्रेक तापतात, ऑइलमध्ये वाफ होऊ शकते आणि पेडल मऊ होऊन खाली जातं. याला कसलाही आवाज नाही. म्हणून घाट उतरताना खालचा गिअर, आणि ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलायचं. लांब पल्ल्यानंतर चारही चाकांजवळ हात नेऊन बघा, पण डिस्कला हात लावू नका. एकच चाक जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक अडकतोय. काही दुखणी मुकी असतात, हे खरंच. पण म्हणून जी बोलतात त्यांनाही ऐकायचं नाही, हा कुठला न्याय?

जुन्या गाड्या आपल्याकडे हौस म्हणून नाही, परवडतं तेवढंच म्हणून चालवल्या जातात. त्यात आई-बाबा गावी जातात, मुलं शाळेत जातात, मित्र रात्री घाट उतरतात. त्यांच्या वाट्याला आलेल्या गाडीला 'आवाज येणारच' म्हणणं म्हणजे त्यांना सुरक्षित ब्रेक मिळायची अपेक्षाच नको असं म्हणणं. मला ते मान्य नाही. उद्या सकाळी निघताना पहिला किलोमीटर गाणं लावू नका. आणि ते वाक्य पुन्हा कुणी फेकलं, तर शांतपणे विचारा: "कोणत्या चाकातून?"