तरुणांचा कंप आणि ताम्रभस्म

कंप दिसताच ‘कंपवात’ म्हणून मोकळे होणे आम्हांस धोक्याचे वाटते. १९१२ साली विल्सन यांनी वर्णिलेल्या कुलज व्याधीत यकृतास ताम्राचे उत्सर्जन साधत नाही. ते प्रथम यकृतात व पुढे मेंदूत साचते. मग कंप, अडखळती वाणी, पालटलेला स्वभाव! अशा तरुणास केवळ यकृतविकार समजून आरोग्यवर्धिनी दिल्यास तिच्यातील ताम्रभस्माने साठ्यात भरच पडेल. (तांब्याच्या भांड्यातील पाणीही त्यास अपथ्यच.) चाळिशीच्या आतील कंपरुग्णाचे सेरुलोप्लाझमिन, चोवीस तासांच्या मूत्रातील ताम्र व नेत्रातील तपकिरी कडे तपासून घ्यावे, निदान ठरल्यास भावंडांचेही, कारण सख्ख्या भावंडांत ही शक्यता चारांत एक असते. औषधविक्रेत्यांनी ताम्रयुक्त कल्प वैद्याच्या चिठ्ठीशिवाय देऊ नयेत. ताम्र बाहेर काढणारी आधुनिक औषधे आजन्म लागतात. ती आपण थांबवू नयेत.