सीमेवरची बाटली

गांधीजींच्या सेवाग्रामचा आणि विनोबांच्या पवनारचा जिल्हा म्हणून वर्धा जिल्ह्यात सत्तरीच्या दशकापासून दारूबंदी आहे. दारूही आहे. या विसंगतीचे खापर पोलिसांच्या माथी फोडले जाते आणि ते सर्वस्वी अन्यायाचे आहे असेही नाही. परंतु नकाशा पुढे घेतल्याखेरीज हा धंदा कळावयाचा नाही.

पश्चिमेला वर्धा नदी, तिच्या पलीकडे अमरावती आणि यवतमाळ. एका बाजूस नागपूर, आग्नेयेस चंद्रपूर. या चारही जिल्ह्यांत परवान्याची दुकाने राजरोस चालतात. तेथे कायदेशीररीत्या विकलेली बाटली पूल ओलांडताच गुन्हा ठरते आणि तिची किंमत चढते. हा नफा सीमारेषेनेच जन्माला घातलेला आहे.

बेकायदा धंद्यात लेखी करार नसतो; उधारी बुडाली तर न्यायालयात जाता येत नाही. म्हणून माणूस ओळखीचा लागतो, आणि तो सीमाभागात आयता मिळतो. दोन्ही काठांच्या गावांत सोयरिकी आहेत, आठवडी बाजार सामाईक आहेत. गावठी दारूचे गणित मात्र निराळे. तिला मोहफुले वा गूळ, नाल्याचे पाणी आणि झाडीचा आडोसा पुरतो. तिची साखळी चार घरांपलीकडे जाण्याची गरज नसते. बाटलीची साखळी हमरस्त्याने लांबते. तिला वाहन लागते, चालक लागतो, रस्त्यावर नजर ठेवणारा लागतो. छापे मात्र बहुधा नाल्याकाठच्या भट्टीवर पडतात, कारण ती जागची हलत नाही! आणि मग एखाद्या जमातीकडे बोट दाखविले जाते. जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविणारा कायदा 1952 साली रद्द झाला. खोड गेली नाही.

गडचिरोलीत 1993 पासून बंदी आहे. चंद्रपुरात ती 2015 मध्ये आली, तेव्हा तीन जिल्ह्यांचा सलग कोरडा पट्टा तयार झाला आणि वर्ध्याच्या आग्नेय सीमेला लागून परवान्याचे दुकान उरले नाही. 2021 मध्ये चंद्रपूरची बंदी उठली व ते दार पुन्हा उघडले. हा निर्णय घेताना वर्ध्याला कोणी विचारल्याचे दिसले नाही.

राज्यात गावातील महिलांना मतदानाने दुकान बंद करण्याचा अधिकार आहे. पण नदीपलीकडच्या दुकानाची झळ ज्या वर्ध्याच्या स्त्रीला लागते, तिला त्या दुकानाबाबत मत नाही. सीमेलगतचा परवाना देताना शेजारच्या जिल्ह्यातील ग्रामसभांची संमती घेण्याची अट शासनाने घालावी, आणि अशा दुकानांची विक्री-नोंद दोन्ही जिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांनी एकत्र बसून तपासावी.