ओळखीचें भय
गुरुवारीं दत्ताच्या तसबिरीस हार घालतांना तिच्यांतील चार श्वानांसही आपण हात जोडतों. पण आमच्या नागपुरांत अंबाझरीच्या बाजूस फिरावयास गेलों असतां समोरून साखळीला बांधलेला पिट बुल येतांना दिसला, कीं मुलाचा हात घट्ट धरून आपण रस्ता ओलांडतों. ही भीति अगदींच निराधार नव्हे. त्या कुत्र्याच्या अंगीं बळ मोठें, आणि त्याची पैदास मुळांत झुंजींसाठीं झालेली. १२ मार्च २०२४ रोजीं केंद्र सरकारनें अशा २३ जातींची विक्री व पैदास थांबविण्याविषयीं राज्यांस पत्र लिहिलें. संबंधितांचें म्हणणें न ऐकल्यामुळें कर्नाटकाच्या उच्च न्यायालयानें तें १० एप्रिल रोजीं रद्द केलें.

हुकूम निघो वा रद्द होवो, मनांतील भीति ओसरते ती रोजच्या ओळखीनेंच. येथें पहिली जबाबदारी धन्याची. त्यानें कुत्र्यास लहानपणापासून माणसांत वागावयास शिकवावें, साखळी आखूड धरावी व जरूर तेथें तोंडास जाळी बांधावी. मुलांनीं धन्यास विचारल्यावांचून हात लावूं नये, टक लावून पाहूं नये, ओरडत पळूं नये. कुत्र्यास आधीं हुंगूं द्यावें. घरच्या वडीलधाऱ्यांनीं रस्ता ओलांडण्याऐवजीं दोन पावलें दुरून धन्याची विचारपूस केली, तरी नातवंडें पुष्कळ शिकतील. शेजारच्या जनावराची रीत जाणणारें मूल निर्भय होतें, आणि सावधही.