काळ्या पाण्याचा बेत

सुटी लागली की अवघा महाराष्ट्र पंढरपूरला येतो; मग पंढरपूरकराने सुटीत जावे कोठे? या प्रश्नाचे उत्तर अजून कोणत्याही प्रवासी कंपनीच्या माहितीपत्रकात माझ्या पाहण्यात आलेले नाही. चैत्री, आषाढी, कार्तिकी आणि माघी अशा चार वाऱ्या आमच्या दाराशी येतात. जेमतेम लाखभर वस्तीचे हे गाव, त्यात आषाढीला माणूस लाखांनी उतरते. पुण्या-मुंबईची मंडळी दिवाळीत गाठोडी बांधून बाहेर पडतात. आमच्याकडे मात्र चिवडा डब्यात शिल्लक असतानाच कार्तिकी एकादशी उभी राहते. पाडव्यापासून मोजून दहा दिवस! त्या दहा दिवसांत पुढल्या दोन खोल्या रिकाम्या करायच्या, माळ्यावरच्या सतरंज्यांना ऊन दाखवायचे आणि मोठी पातेली खाली काढायची. याबद्दल तक्रार नाही. परंतु पिढ्यानपिढ्या यजमान राहिलेल्या माणसालाही एखादे वेळी पाहुणा व्हावेसे वाटते. आणि व्हायचेच तर जेथे लाउडस्पीकर नाही, बारी नाही आणि 'थोडं सरकून घ्या' म्हणणारा कोणी नाही, अशा ठिकाणी.

म्हणून यंदा आमच्या घरात अंदमानचा बेत शिजतो आहे. लहान खडकसुद्धा धरले तर अंदमान-निकोबारात ८३६ बेटे मोजतात, आणि त्यांतल्या अवघ्या ३१ बेटांवर माणसे राहतात. उरलेल्या आठशेंवर नुसती शांतता नांदत असणार, या कल्पनेनेच आमच्या सौ.ला अर्धी विश्रांती मिळाली. शिवाय कार्तिकीने आमची जी अडवणूक केली आहे, तीच येथे उपयोगी पडते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिकडे परतीचा पाऊस असतो. समुद्र शांत होतो तो डिसेंबरात. दिवाळीत धावलेले भिजून येतील, कार्तिकी उरकून नाताळात निघालेले कोरडे राहतील.

जायचे कसे, यावर दोन रात्री खल झाला. सोलापुराहून गाडीने चेन्नई, तेथून जहाजाने सुमारे ११९० किलोमीटर म्हणजे साठेक तास, किंवा विमानाने दोन-अडीच तास. चिरंजीवांचे मत जहाजाला होते. पण शिंगणापूरच्या घाटात एस.टी.च्या खिडकीबाहेर ज्याचे डोके असते, त्याच्या मताला किती किंमत द्यायची? विमान ठरले.

या प्रवासात घड्याळाची एक गंमत आहे आणि ती बहुतेक माहितीपत्रकांत सापडत नाही. पंढरपूर आणि श्री विजयपुरम (म्हणजे जुने पोर्ट ब्लेअर, २०२४ साली नाव बदलले) यांच्यात सतरा-साडेसतरा रेखांशांचे अंतर आहे. अंशाला चार मिनिटे या शाळेतल्या हिशेबाने सूर्य आमच्यापेक्षा तेथे सत्तर मिनिटे आधी पोचतो. घड्याळ मात्र सगळ्या देशाचे एकच. थोडक्यात, घड्याळ भारताचे आणि सूर्य ब्रह्मदेशाचा! डिसेंबरात तेथे साडेपाचला उजाडते आणि पाचला सूर्य बुडतो. 'जरा वामकुक्षी करू आणि मग समुद्रावर जाऊ' म्हणणारा मराठी गृहस्थ अंधारात पोचतो. आमच्या घरी ही अडचण नाही. काकड्याच्या वेळेला उठण्याची आईची साठ वर्षांची सवय आहे. ती पहाटे चारला सगळ्यांच्या उश्याशी उभी राहील.

आई या बेतात सामील झाली ती मात्र समुद्रासाठी नव्हे. ''तुम्ही हवं तितकं डुंबा. मला ती कोठडी दाखवा,'' असे तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकले. अंदमान हा शब्द मराठी माणसाच्या कानावर सुटीचे गाव म्हणून आलाच नाही. तो आला काळे पाणी म्हणून. १८९६ ते १९०६ अशी दहा वर्षे खपून सरकारने तो तुरुंग बांधला. मध्ये मनोरा आणि त्याच्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारख्या सात लांबलचक इमारती. प्रत्येक इमारतीचे तोंड दुसरीच्या पाठीकडे. जवळजवळ सातशे कोठड्या, पण एका कैद्याला समोर दुसऱ्या कैद्याचा चेहरा दिसायचा नाही. विनायकराव सावरकर ४ जुलै १९११ रोजी तेथे पोचले, तेव्हा थोरले बंधू बाबाराव आधीच त्या भिंतींच्या आत होते. एकाच तुरुंगात असूनही भावाला भावाची भेट सहजी घडत नसे. दोघांना परत आणले ते १९२१ साली. सातांपैकी आता तीनच इमारती उभ्या आहेत. १९७९ साली त्यांचे राष्ट्रीय स्मारक झाले.

'माझी जन्मठेप' वर्गात शिकवताना कोलूवर मुले गंभीर होतात. माझे मन मात्र त्या रचनेपाशी अडते. माणसाला माणसाचा शब्द ऐकू येऊ नये, म्हणून कोणीतरी कागदावर मोजमापे आखून ती शांतता विटांत बांधून घेतली होती. ज्या शांततेसाठी आम्ही पैसे साठवतो आहोत, तीच तेथे शिक्षा म्हणून दिली जाई. तेव्हा पहिला दिवस तुरुंगाचा, दुसरा मोकळा, आणि समुद्र तिसऱ्यापासून, असे मी ठरवले आहे. सकाळी कोठडी आणि दुपारी जलक्रीडा हा कंपनीचा क्रम मला झेपणारा नाही.

खरा वाद झाला तो चौथ्या दिवसावरून. छापील कार्यक्रमात त्या दिवशी बाराटांग होते: पहाटे तीनला निघून चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचा ज्वालामुखी. चिखलाचा ज्वालामुखी म्हटल्यावर आमचे चिरंजीव आसनावरून उठलेच. पण कन्या अकरावीत असून हल्ली सगळे वाचून मग बोलते. तिने सांगितले की तो रस्ता जारवा लोकांच्या राखीव जंगलातून जातो. हे लोक जेमतेम काही शे. १९९७-९८च्या सुमारापर्यंत त्यांनी बाहेरच्या माणसाला जवळ येऊ दिले नव्हते. १९५६च्या नियमावलीने त्यांना संरक्षण आहे. गाड्या ठरल्या वेळी, तांडा करून, पोलिसांच्या सोबतीने जातात. थांबायचे नाही, काही द्यायचे नाही, फोटो काढायचा नाही. तरीही २०१२ साली एक चित्रफीत जगभर गाजली. तिच्यात खाण्याच्या मोबदल्यात जारवा बायकांना नाचायला लावलेले दिसत होते.

''आपण कुठे नाचायला लावणार आहोत? आपण गुहा बघायला चाललो आहोत,'' चिरंजीव म्हणाले. मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. गुहांसाठी निघालेले सगळेच काही माणसे पाहायला निघत नाहीत. पण काचेपलीकडे कोणी दिसले तर नजर आवरायची कशी, याचे उत्तर माझ्यापाशीही नव्हते.

तेवढ्यात आई बोलली. चार-पाच आषाढींपूर्वी ती ओसरीवर सांडगे घालत बसली होती. दार उघडे, वारीचे दिवस. एक गृहस्थ उंबऱ्यात आले, गळ्यातला भला मोठा कॅमेरा उचलला, पाच-सहा वेळा टकटक केले आणि नमस्कार न चमत्कार, निघून गेले. ''विचारलं असतं तर लुगडं तरी नीट केलं असतं,'' असे ती तेव्हा म्हणाली होती. त्यानंतर दोन दिवस तिने दार लोटून घेतले होते, हे मला आठवते. आणि वारीत आमचे दार कधी लोटलेले नसते. आता ती नातवाला म्हणाली, ''बारी लावायची ती देवाच्या दर्शनाला. माणसांच्या नव्हे. आणि गुहा काय, वेरूळला आहेत की.''

बाराटांग कार्यक्रमातून गेले. चिरंजीव दोन दिवस घुम्यासारखे वागले.

त्याच्या समजुतीसाठी शहीद द्वीपावर एक मुक्काम वाढवला. याचे जुने नाव नील. २०१८च्या डिसेंबरात नवे मिळाले. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना तेथे जमिनी देऊन वसवले. त्यांनी भातशेती केली, भाजीपाला लावला आणि गावांना नावे दिली सीतापूर, भरतपूर, रामनगर, लक्ष्मणपूर! शेजारच्या स्वराज द्वीपावर राधानगर आणि गोविंदनगर आहेत. सगळे सोडून आलेल्या माणसाने नव्या बेटावर पहिल्यांदा आपल्या ओळखीची नावे पेरावीत, हे मला फार आपलेसे वाटले. चैतन्य महाप्रभू पंढरपूरला येऊन गेल्याचे त्यांच्या चरित्रात आहेच. आम्ही ती भेट परत करायला चाललो आहोत, असे मी आईला सांगितले.

लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावर लाटांनी कोरलेली दगडी कमान आहे. ओहोटी लागली की तेथवर चालत जाता येते आणि खडकांतल्या डबक्यांत प्रवाळ, मासे, काकड्या (समुद्रातल्या!) दिसतात. येथे आमच्या भिंतीवरचे पंचांग कामास आले. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाणाची भरती, म्हणजे ओहोटीही तितकीच खोल. अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे पाणी फारसे मागे हटत नाही. चिरंजीवांनी स्वतः तिथ्या मोजून मुक्कामाची तारीख दोन दिवसांनी पुढे ढकलली, आणि तेथून त्यांचा रुसवा गेला. प्रवाळाचा तुकडा मात्र उचलायचा नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्याने त्याला बंदी आहे, आणि सामान तपासतात.

हे कळल्यावर आई जराशी हिरमुसली. तीर्थाला गेले की काहीतरी घेऊन यायचे, हा तिचा नेम. मग तिने विचार केला की आणायचे नसेल तर न्यावे. शहीद द्वीपावर आम्ही उतरणार आहोत ते एका बंगाली कुटुंबाच्या घरातल्या दोन खोल्यांत, म्हणजे आमच्याच धंद्यातल्या माणसांकडे. त्या घरच्या बाईसाठी कुंकू, बत्तासे आणि पंढरपूरचे किलोभर चुरमुरे बांधून तयार आहेत. विमानाच्या वजनाच्या हिशेबात ते बसतात, जागेच्या हिशेबात बसत नाहीत. बंगाल्यांच्या घरी हेच चुरमुरे मुडी या नावाने रोज खातात, हे मी आईला अजून सांगितलेले नाही.