‘सध्या काय करतोस?’ या प्रश्नाचे अर्धे उत्तर

पदवी घेऊन तीस वर्षे झाली की एखादा जुना वर्गमित्र कुठूनतरी आपला नंबर मिळवतो आणि आपल्याला बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये टाकतो. मग स्नेहमेळावा ठरतो. प्रत्येकाने माईक घेऊन दोन मिनिटांत सांगायचे : सध्या कुठे, कोणत्या पदावर, घर कुठे घेतले, मुले काय करतात. आमच्या १९९३ च्या बॅचचाही असा मेळावा झाला. कॉलेजचे नाव लिहीत नाही. मराठवाड्यातल्या कोणत्याही कॉलेजचे नाव तिथे बसेल.

ग्रुपचा पहिला नियम होता, ‘इथे जात आणि राजकारण नको.’ गणपतीचे फोटो आले, सत्यनारायणाची आमंत्रणे आली, मुलाच्या मुंजीचा अल्बमही आला. १४ एप्रिलला एकाने ‘जयभीम’ लिहिले, तेव्हा मात्र ॲडमिनला नियम आठवला. मुंज ही संस्कृती आणि जयभीम हे राजकारण! ही वाटणी कोणी केली, हे विचारायची सोय नाही, कारण विचारणे हेही राजकारणच.

मेळाव्यात एक जण मोठ्या पदावरून निवृत्तीच्या वाटेवर असलेला. माईक घेऊन म्हणाला, “आपल्या वेळी जातपात नव्हती रे. आता सगळे बिघडले.” टाळ्या पडल्या. मी मनात वर्ष मोजले. आपली वेळ म्हणजे कोणती? विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या. पोचीराम कांबळेंचा खून झाला. आम्ही पदवी घेतली त्याच १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी स्वतःला जाळून घेतले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. म्हणून आमच्या पदवीवर बाबासाहेबांचे नाव नाही आणि आमच्यानंतरच्या बॅचच्या पदवीवर आहे. एवढा इतिहास ज्याच्या स्वतःच्या पदवीच्या कागदात गुंडाळलेला आहे, तो म्हणतो जातपात नव्हती. त्याला ती दिसली नाही, एवढेच खरे. वाऱ्याची दिशा पाठीमागून असली की वारा जाणवत नाही.

पण मला आज त्याच्यापेक्षा आपल्या माणसांबद्दल बोलायचे आहे.

आपल्यातले आठ-दहा जण त्या सभागृहात होते. बँक अधिकारी, इंजिनिअर, प्राध्यापक. प्रत्येकाने सांगितले, ‘मेहनत केली, फळ मिळाले.’ मेहनत केलीच, त्यात शंका नाही. पण समाजकल्याणच्या वसतिगृहाचे नाव एकानेही घेतले नाही. सहा-सहा महिने रखडणारी भारत सरकार शिष्यवृत्ती कोणाला आठवली नाही. ज्या आरक्षणामुळे मुलाखतीचा दरवाजा उघडला, तो शब्दही कोणी उच्चारला नाही. दुसऱ्या वर्षाला शिष्यवृत्ती वेळेवर आली नाही म्हणून ऊसतोडीला गेलेला आमचा रूममेट त्या ग्रुपमध्येच नाही. वर्गात सर्वांत पुढे असलेली आणि परीक्षेआधीच लग्न लावून दिलेली मैत्रीणही नाही. बॅचचा फोटो पूर्ण आहे असे आपण म्हणतो, कारण फोटोत जे नाहीत त्यांची हजेरी आपण घेतच नाही.

कोणी म्हणेल, आमच्या बापाने आयुष्यभर दुसऱ्याच्या बांधावर राबून आम्हाला शिकवले, आता मुलीच्या डॉक्टर होण्याचा आनंद दोन मिनिटे सांगायचा नाही का? सवर्णांना कोणी हिशेब मागत नाही, मग आम्हालाच का? प्रश्न रास्त आहे. आनंद जरूर सांगावा, छाती पुढे काढून सांगावा. सालगड्याची नात डॉक्टर होते, ही या देशात खाजगी बातमी नाहीच. म्हणूनच ती खाजगी करून सांगू नका. ‘मी एकटा चढलो’ म्हटले की ‘मग आरक्षण कशाला?’ हा पुढचा प्रश्न विरोधकाला आपणच हातात देतो. आपले मौन त्याचा पुरावा बनते.

बाबासाहेबांकडे पाहा. १९३५ च्या सुमारास त्यांनी स्वतःच्या आठवणी लिहिल्या. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ नावाने त्या प्रसिद्ध आहेत. तोवर ते पीएच.डी., डी.एस्सी., बॅरिस्टर झाले होते. सांगण्यासारख्या पदव्या कमी नव्हत्या. त्यांनी काय सांगितले? १९१७ ला परदेशातून शिकून बडोद्यात नोकरीला गेल्यावर पारशी धर्मशाळेतून काठ्या घेतलेल्या लोकांनी कसे बाहेर काढले आणि कामाठी बागेत बसून रेल्वेची वाट कशी पाहावी लागली, हे सांगितले. परदेशातल्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती, असेही त्यांनी लिहिले आहे. पदवीने ती पुसली, आणि गावी उतरताच जातीने ती परत आणली.

‘मुलगा अमेरिकेत आहे, तिकडे जात नाही’ म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की सिएटल शहराला फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदावर बंदी घालणारा कायदा करावा लागला. जात पासपोर्ट घेऊन गेली आहे.

१८ मार्च १९५६ ला आग्र्यात बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांविषयी व्यक्त केलेली खंत आपण दर जयंतीला ऐकतो आणि टाळ्या वाजवतो. ती खंत आपल्याबद्दल आहे, हे कळते का?

मोठा त्याग कोणी मागत नाही. महाराष्ट्र सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत अनुसूचित जातींच्या मुलांसाठी वर्षाला ७५ जागा आहेत. खेड्यातल्या मुलीला अर्जासोबतचा निबंध कसा लिहायचा, शिफारसपत्र कोणाकडे मागायचे, हे सांगणारे घरात कोणी नाही. तुमच्या घरात आहे; तुमचा मुलगा हे सगळे करून गेला आहे. महिन्यातून दोन रविवार आपल्या जुन्या वसतिगृहात जाऊन बसा. शिष्यवृत्ती अडकली असेल तर साहेब म्हणून एक फोन करा. तुमच्या पदाचा तेवढा तरी उपयोग होऊ द्या.

पुढच्या मेळाव्यात माईक हातात आला की पद सांगा, मुलांचे सांगा, घराचेही सांगा. मग वसतिगृहाचे नाव सांगा. जो आला नाही त्याचे नाव सांगा. आणि शेवटी जयभीम म्हणा. ॲडमिनने काढून टाकले तर काढू द्या. ज्या ग्रुपमध्ये आपले अर्धेच आयुष्य चालते, तिथून गमवायला आपल्याजवळ काही नाही.

जयभीम!