डिस्क ओळखेना, म्हणजे डिस्क मेली का?

संगणकाला हार्ड डिस्क जोडली आणि पडद्यावर तिचे नावच आले नाही, की आपल्याकडे पुढचे दोन प्रयोग ठरलेले असतात. पहिला, डिस्कला तळहाताने दोन चापट्या मारून पाहणे. दुसरा, ती दुकानात नेणे आणि "फॉरमॅट मारावी लागेल" हे वाक्य ऐकून मान डोलावणे. माझे म्हणणे असे आहे की, मूळ बिघाडाने होत नाही तेवढे नुकसान या दोन प्रयोगांनी होते. संगणकाने न ओळखलेली डिस्क पुष्कळदा जिवंत असते. तिला मारण्याचे काम नंतर आपण करतो.

मुळात संगणक डिस्क 'ओळखतो' म्हणजे काय करतो? डिस्कच्या पेटीत ॲल्युमिनियमची किंवा काचेची गुळगुळीत चकती असते. तिच्यावर कोबाल्टयुक्त मिश्रधातूचा अतिशय पातळ थर असतो आणि त्या थरातील सूक्ष्म भागांच्या चुंबकीकरणाच्या दिशांत तुमची सारी माहिती लिहिलेली असते. वीज मिळाली की मोटार चकती फिरवू लागते. वेग पुरेसा झाला की माहिती वाचणारे टोक, ज्याला दुकानात 'हेड' म्हणतात, चकतीवर सरकते. ते आधी तुमचे फोटो वाचत नाही. चकतीच्या एका राखीव भागात खुद्द डिस्कच्या कामकाजाच्या सूचना असतात, त्या ते वाचते. त्या मिळाल्या तरच डिस्क संगणकाला आपले नाव आणि क्षमता सांगू शकते. मग संगणक डिस्कच्या विभागांचा तक्ता पाहतो, त्यानंतर फायलींची सूची वाचतो.

वायर, वीज, मोटार, हेड, राखीव भाग, तक्ता, सूची. या साखळीतील कोणतीही कडी तुटली तरी तुम्हाला दिसते ते एकच: डिस्क ओळखली गेली नाही. ताप मलेरियाचाही असतो आणि टायफॉइडचाही असतो, पण थर्मामीटरला त्यातला फरक कळत नाही. तापावर सरसकट एकच गोळी देणाऱ्या डॉक्टरला आपण काय म्हणू? मग सगळ्या डिस्कांना 'फॉरमॅट' हे एकच औषध देणाऱ्याकडे आपण निमूटपणे डिस्क का सोपवतो?

निदानाची सुरुवात सर्वांत स्वस्त कडीपासून करावी. दुसरी वायर लावा, दुसरे भोक वापरा, दुसरा संगणक घ्या. मोठ्या डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो. तो बिघडला असला तरी डिस्क मुकी राहते. आमच्या परभणी जिल्ह्यात खेड्यापाड्यांतून विजेचा दाब कसा खाली-वर होतो, हे तुमच्या घरच्या पंख्याला विचारा! पुष्कळ डिस्कांच्या हिरव्या पट्टीवर अशा वेळेसाठी एक संरक्षक डायोड असतो. जादा दाब आला की तो स्वतः बळी जातो. डिस्क निपचित पडते, पण चकतीवरील माहिती शाबूत असू शकते. कोणी सुचवील की, तशाच दुसऱ्या डिस्कची पट्टी बसवू. जुन्या काळी हे जमत असे. आता प्रत्येक डिस्कच्या पट्टीवरील चिपमध्ये त्या विशिष्ट डिस्कचीच मोजमापे भरलेली असतात, त्यामुळे नुसती पट्टी बदलून सहसा भागत नाही.

आता दुसरा प्रकार पाहा. डिस्क फिरते, तिची क्षमताही दिसते, पण संगणक म्हणतो, "वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा." येथे तुटली आहे ती तक्त्याची किंवा सूचीची कडी. ग्रंथालयाची नोंदवही फाटली, पण पुस्तके कपाटातच आहेत, असे समजा. झटपट फॉरमॅट म्हणजे कोरी नोंदवही. जुनी पुस्तके तरीही जागेवर असतात, पण त्यांची जागा आता 'मोकळी' समजली जाते आणि पुढे येणारे नवे पुस्तक तिथेच बसते. पूर्ण फॉरमॅट केले तर आजचे विंडोज सगळीकडे शून्ये लिहून कपाटच रिकामे करते. माझा एक जुना विद्यार्थी तालुक्याच्या गावी लग्नाचे फोटो काढतो. त्याची डिस्क दुकानात झटपट फॉरमॅट झाली, ती नीट चालते की नाही हे पाहायला तिच्यावर चार सिनेमे भरले गेले, आणि मग ती माझ्याकडे आली. सिनेमांखाली गेलेली लग्ने कोणत्याही उपायाने परत येत नाहीत. त्यातल्या एका घरच्या आजी लग्नानंतर महिन्याभरात वारल्या होत्या. त्यांचे फोटो सुदैवाने उरलेल्या भागात सापडले.

ते सापडले कसे, यात गंमत आहे. प्रत्येक जेपीईजी फोटोचे पहिले दोन बाइट ठरलेले असतात, २५५ आणि २१६. सूची नसली तरी सगळी डिस्क क्रमाने वाचत जायचे आणि ही जोडी दिसली की तिथून फोटो सुरू झाला असे धरून पुढे तपासायचे. 'फोटोरेक' नावाची मोफत प्रणाली असेच काम करते. पण त्याआधी एक पथ्य आहे. मूळ डिस्कवर काहीही लिहायचे नाही. 'डीडीरेस्क्यू'सारख्या मोफत साधनाने तिची बाइटला बाइट प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यायची आणि सगळे प्रयोग त्या प्रतीवर करायचे. हे साधन सहज वाचता येणारे भाग आधी उचलते आणि अडलेल्या जागांकडे शेवटी वळते. परीक्षेत तुम्हीही असेच करता ना?

तिसरा प्रकार गंभीर. डिस्क 'टक् टक्' असा आवाज करते. त्या क्षणी वीज बंद करा. का, ते आकड्यांत पाहू. मोठ्या डिस्कची चकती साधारण साडेनऊ सेंटिमीटर व्यासाची असते आणि मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. परीघ सुमारे ३० सेंटिमीटर. म्हणजे काठाचा वेग सेकंदाला ३६ मीटर, ताशी सुमारे १३० किलोमीटर! या चकतीवर हेड हवेच्या पातळ गादीवर तरंगते, अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर. हेडचा ठोकळा सुमारे एक मिलिमीटर लांब असतो. तो फुगवून दहा मीटर लांबीच्या एसटीएवढा केला, तर ती एसटी रस्त्यापासून कागदाच्या निम्म्या जाडीएवढ्या उंचीवरून जात असेल. आपल्या काळ्या जमिनीतील चिकणमातीचा दोन हजार नॅनोमीटरचा बारीक कणसुद्धा तिथे डोंगर ठरतो. चालू डिस्कवर मारलेली चापटी काय करील, हे तुम्हीच ठरवा.

डिस्कच्या आत निर्वात पोकळी असते, असा एक समज आहे. तसे असते तर हेड तरंगलेच नसते. साध्या डिस्कला गाळणी लावलेले एक बारीक छिद्र असते आणि त्यातून आतबाहेरच्या हवेचा दाब सारखा राहतो. (काही मोठ्या डिस्कांत हेलियम भरून सील करतात, त्या वेगळ्या.) म्हणूनच बिघडलेली डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा तोडगा मला घातक वाटतो. बाहेर काढताच थंड धातूवर दव धरते. सप्टेंबर २०२४च्या आरंभी परभणी जिल्ह्यात अतिवृष्टी झाली होती. पुराच्या पाण्यात भिजलेली डिस्क उन्हात वाळवून जोडून पाहणे हाही असाच तोडगा. गाळ वाळला की चकतीला चिकटतो. ती न जोडता, ओलसर असतानाच बंद पिशवीत घालून जाणकाराकडे द्यावी. धूळमुक्त खोलीत डिस्क उघडणारी केंद्रे पुण्या-मुंबईत आहेत. खर्च हजारांत जातो, तेव्हा आत काय आहे याचा विचार करूनच पाठवावी. सिनेमांसाठी पाठवू नये.

अशी आशा कुठवर ताणावी? १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया अंतराळयान परतीच्या वाटेवर फुटले आणि कल्पना चावलांसह सातही अंतराळवीर गेले. अवशेषांत सुमारे ४०० मेगाबाइटची एक करपलेली डिस्क मिळाली. तिचे सील वितळले होते, आत धूळ गेली होती आणि चकत्यांवर खड्डे पडले होते. पण खड्डे होते ते जिथे काही लिहिलेलेच नव्हते अशा जागी. अमेरिकेतील तज्ज्ञांनी चकत्या धुऊन नव्या पेटीत बसवल्या आणि सुमारे ९९ टक्के माहिती वाचली. झेनॉन हा वायू क्रांतिक बिंदूजवळ असताना जोरात ढवळला तर त्याची श्यानता कमी होते का, असा तो प्रयोग होता. त्याचा निबंध २००८ साली 'फिजिकल रिव्ह्यू ई'मध्ये प्रसिद्ध झाला. उत्तर 'होय' असे आले.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. हेडने चकतीवरचा थर खरवडून भुकटी केली असेल, तर त्या जागची माहिती गेली ती गेलीच. चकतीऐवजी चिप असलेल्या एसएसडीत तर पुसलेल्या फायलींची जागा डिस्क स्वतःच मागाहून साफ करून टाकते. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली, तीत पाच जणांचे प्राण गेले आणि वरच्या मजल्यांवरच्या असंख्य फायलींची राख झाली. राखेतून काही वाचता येत नाही. दुसरी प्रत हवी आणि ती दुसऱ्या इमारतीत हवी. शाळेच्या कपाटात शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन डिस्कांना मी दोन प्रती मानत नाही.

शाळांच्या संगणक-तासाला अक्षरे रंगीत कशी करावीत, हे आवर्जून शिकवतात. त्यातला एक तास काढून वर्गासमोर एक निकामी डिस्क उघडून दाखवावी, असे मला वाटते. कोणत्याही महाविद्यालयाच्या अडगळीत ती फुकट मिळेल. चांदणीच्या आकाराचा छोटा पेचकस लागतो. एक पेच बहुधा चिटोऱ्याखाली लपलेला असतो. आतली दोन चुंबके फार जोराची असतात, त्यांच्यामध्ये बोट सापडू देऊ नका. चकती काचेची असेल तर वाकवू नका, ती फुटून तुकडे उडतात. शिक्षकांना बरोबर घ्या आणि डोळ्यांवर चष्मा लावा.