पगाराची रेघ आणि मालकाची दोरी

ब्रिटिश सरकारने २२ जुलै २०२५ पासून परदेशी कुशल कामगारासाठी वर्षाला किमान ४१,७०० पौंड पगाराची अट घातली. एप्रिल २०२४ मध्ये हीच अट २६,२०० वरून एकदम ३८,७०० पौंडांवर नेली होती. सव्वा वर्षात साडेपंधरा हजार पौंडांची वाढ! शिवाय त्या त्या व्यवसायाचा ठरलेला दर याहून जास्त असेल तर तो दर द्यावा लागतो. काही सवलती सोडल्या, तर एवढा पगार न देणाऱ्या मालकाला परदेशी माणसाला प्रायोजित करता येत नाही.

किमान पगाराच्या अटीला आमचा तत्त्वतः विरोध नाही. बाहेरचा माणूस स्वस्तात आणायचा आणि त्याच्या जोरावर स्थानिक कामगाराची मजुरी पाडायची, ही भांडवलदाराची जुनी खोड आहे. बाबासाहेबांनी १९४६ साली मजूरमंत्री म्हणून किमान वेतनाचे विधेयक केंद्रीय कायदेमंडळात मांडले. त्याचा कायदा १९४८ साली झाला. त्यांचे नाव घेणारा माणूस मजुरीच्या रेघेविरुद्ध कसा बोलेल?

पण ही रेघ त्या जातीची नाही. किमान वेतनाच्या कायद्यात मालकाने कमी दिले तर मालक दोषी ठरतो आणि कामगाराला फरक मिळतो. व्हिसाच्या अटीत पगार कमी पडला तर कामगाराने देश सोडायचा. मालकाचा परवाना गेला तरी पोटावर पाय कामगाराच्याच. एकच आकडा, पण एका कायद्यात तो ढाल आहे आणि दुसऱ्यात दरवाजा.

या दरवाज्यात आमची मुले कोठे उभी आहेत? विदर्भ-मराठवाड्यातली मुले शासनाच्या शिष्यवृत्तीवर लंडन, एडिंबरो, ससेक्सला शिकायला जातात. कोणी मानववंशशास्त्र घेते, कोणी विकास-अभ्यास, कोणी मानवी हक्काचा कायदा. शिक्षण संपवून नव्याने नोकरीला लागणाऱ्यांसाठी अट ३३,४०० पौंडांची आहे, पण ही सवलत एकूण चार वर्षांपुरतीच, आणि पदवीनंतरच्या व्हिसाचा काळही त्यातच मोजतात. बँकेत किंवा संगणक कंपनीत लागणाऱ्याला हा आकडा जड नाही. संग्रहालयात, ग्रंथालयात, सामाजिक संस्थेत काम करू पाहणाऱ्याला तो डोंगर वाटतो. लंडनबाहेर पगार कमी, अट मात्र तीच. म्हणजे कौशल्य मोजायचे ते बाजाराच्या तराजूने. अस्पृश्यतेवर प्रबंध लिहिणारी मुलगी या हिशेबात 'अकुशल' ठरते आणि सावकारी पेढीचे आकडे जुळवणारा 'कुशल'. (जन्मावरून योग्यता ठरवणाऱ्यांना आम्ही ओळखतो. पगारावरून ठरवणाऱ्यांनी फार वेगळे काय केले?)

आकडा वाढवला की शोषण थांबते, असे तिकडचे राज्यकर्ते सांगतात. वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या कामगारांचे काय झाले ते पाहा. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांना दार उघडले. त्यांच्याही व्हिसाला पगाराची अट होतीच. कागदावर पगार पूर्ण होता, पण अनेकांना तिकडे पोचल्यावर कामच मिळाले नाही. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात या क्षेत्रातल्या ४७० हून अधिक मालकांचे परवाने रद्द झाले आणि त्यांच्याशी ३९ हजारांहून अधिक कामगार जोडलेले होते. परवाना गेला की नवा प्रायोजक शोधायला साधारण ६० दिवस. जुलै २०२५ मध्ये परदेशातून नवी भरती बंदच करून टाकली.

खरे दुखणे प्रायोजकाच्या दोरीत आहे. ज्याच्या हातात व्हिसा, त्याच्याविरुद्ध तक्रार कोण करणार? गाव सोडले तर भाकरी जाईल, या भीतीने आमच्या बापजाद्यांनी बलुत्यावर राबण्यात पिढ्या घालवल्या. ती भीती आम्हाला कोणी समजावून सांगायला नको. घरकामाच्या व्हिसाची गोष्ट वेगळी, पण टिर्की खटला प्रत्येकाने वाचावा. बिहारमधून नेलेल्या एका आदिवासी बाईला मिल्टन कीन्समधल्या भारतीय वंशाच्या घरात साडेचार वर्षे, आठवड्याचे सातही दिवस, दिवसाला अठरा तास राबवले. मजुरी तासाला ११ पेन्स! २०१५ मध्ये न्यायाधिकरणाने थकलेल्या वेतनापोटी १,८३,७७३ पौंड देण्याचा आदेश दिला. याच खटल्यात, २०१४ च्या अपिलात, जातीचा भेद वांशिक मूळ या सदरात येऊ शकतो असा निर्णय झाला. किमान वेतनाचा कायदा तेव्हाही होता. त्या बाईपर्यंत तो पोचायला इतकी वर्षे लागली.

म्हणून मागणी करायची तर आकडा खाली आणण्याची नको. मालक बदलण्याचा हक्क, त्यासाठी पुरेशी मुदत आणि तक्रार केली म्हणून व्हिसा न जाण्याची हमी, ही मागणी हवी. ब्रिटनमधल्या आंबेडकरी संघटनांनी तिकडच्या कामगार संघटनांबरोबर ती लावून धरावी.

इकडे आमच्या तरुणांनी एजंटाला पैसे देण्याआधी कागद तपासावेत. अटीत मूळ हमीचा पगारच धरतात. जादा कामाचा मोबदला आणि भत्ते त्यात मोजत नाहीत. परवानाधारक मालकांची यादी ब्रिटिश सरकार जाहीर करते, तीत नाव आहे का ते पाहावे. मालकाने भरायचा कौशल्य-आकार आणि प्रायोजकत्वाच्या प्रमाणपत्राचा खर्च कामगाराकडून वसूल करायला तिकडे मनाई आहे. आणि आपल्या १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखालील नियमांप्रमाणे नोंदणीकृत एजंटालाही ३० हजार रुपये व त्यावरील जीएसटी याहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. कोणी लाखांत मागत असेल तर पावती मागावी, आणि पावती देत नसेल तर पोलीस ठाणे गाठावे.